पहिला घोट

बोर्डीला आमच्या चिकूच्या वाडीत ताडी आली की पहिला घोट बाबांचा. पाहुणा कितीही मोठा असो, बाबा लोट्यातून पेल्यात ओतणार, स्वतः एक घोट घेणार आणि मगच तो पेला पाहुण्यापुढे धरणार. मडकं रात्रभर झाडाला टांगलेलं असतं. त्यात मुंगळे पडतात, कधी पालही पडते. म्हणून देणाऱ्याने आधी प्यायचं. उष्टं म्हणून कोणी नाक मुरडत नाही. आम्हा दोघी बहिणींना याचं एवढं कौतुक, की भातुकलीतला खोटा चहासुद्धा आम्ही आधी स्वतः भुरकायचो.

मी मोठी आणि त्यातून शाळेतली बाई, त्यामुळे उपदेश करायला मला निमित्त लागत नाही. धाकटी वापीच्या एका कंपनीत ऑफिसात लागली होती. नोटबंदीच्या पुढच्या वर्षी तिच्या ऑफिसातल्या मुलींनी शनिवारी संध्याकाळी डिस्कोला जायचं ठरवलं. तलासरीकडे हायवेवरच्या एका रिसॉर्टात तो नवीनच सुरू झाला होता. बाबा नाही म्हणाले. मीच त्यांच्याशी भांडून परवानगी काढली. ती निघताना मी तिला बजावलं, "अनोळखी माणसाने काही प्यायला दिलं तर आधी त्याला प्यायला लाव. मग घे."

"ताई, ते काय ताडीचं मडकं आहे?" ती हसली.

"हसू नकोस. सांगते ते ऐक."

आयुष्यात एकदाच तिने माझं अक्षरशः ऐकलं.

आठच्या सुमारास तिच्या मैत्रिणीचा फोन आला. ती रडतच होती. "ताई, लवकर या. हिला काहीतरी झालंय, उभीच राहत नाहीये."

"दारू प्यायली का ती?" हा माझा पहिला प्रश्न. त्याची आजही लाज वाटते.

शेजारच्या रिक्षावाल्याला घेऊन बाबा आणि मी निघालो. वाटेतल्या वेवजी गावापर्यंत बाबा नुसता पुढचा दांडा घट्ट धरून बसले होते. मी धाकटीला फोन लावत होते आणि तो नुसता वाजत होता. त्या रस्त्यावर मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगण्यासारखं नाही. कशीही असो, पण सापडू दे, एवढंच मागणं होतं. रिक्षावाल्यावर मी तीनदा ओरडले. तो बिचारा खड्डे चुकवत होता.

तिची मैत्रीण दारातच उभी होती, तिने आम्हाला आत नेलं. धाकटी बायकांच्या संडासाबाहेर जमिनीवर बसली होती. मान छातीवर पडलेली, डोळे अर्धे उघडे, पण मी समोर वाकले तरी ओळख नाही. तिथे झाडलोट करणारी एक बाई शेजारी बसली होती आणि तिने धाकटीचं मनगट धरून ठेवलं होतं. माझ्याकडे संशयाने बघत ती म्हणाली, "तू कोन हिची?"

"मोठी बहीण."

"पोरगी पिलेली नाय. पिलेलं मानूस मना रोज दिसतं. एक बाप्या हिला गाडीत नेत होता. बोलला, माझी बायको हाय. मी पोरीला इचारलं, याचं नाव काय? तिला सांगताच येईना. मग मी हात सोडलाच नाय."

तो माणूस केव्हाच पसार झाला होता. मी त्या बाईच्या पाया पडायला वाकले, तर तिने मला खसकन उठवलं. "आधी दवाखान्यात ने हिला," ती म्हणाली.

आम्ही नेलं नाही. बाबा म्हणाले, घरी चला, गावात बोभाटा नको. आणि दिवसभर वाद घालणारी मी तेव्हा गप्प बसले. रात्रभर तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नीट बोलायला लागली. मी रागाने विचारलं, "सांगितलं होतं ना तुला?"

"हो. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे देणारा आधी पितो. नुसतं लिंबू-सोडाच होतं. तो हसला आणि माझ्यासमोर एक घोट प्यायला. मग म्हणाला, बर्फ कमी आहे, आणतो. पेला घेऊन गेला आणि परत आला. तो प्यायला होता, ताई. तू सांगितलं होतंस तसंच."

बाबांचा पेला कधी कोणाच्या नजरेआड जात नाही, ही साधी गोष्ट मी तिला सांगितलीच नव्हती.

सोमवारी डहाणूला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कधीची गोष्ट, त्यांनी विचारलं. परवाची, मी म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तेव्हाच आणायचं होतं. गुंगीची काही औषधं थोड्या तासांत शरीरातून निघून जातात." तरी तपासणी केली. काही सापडलं नाही. पोलिसांत तक्रार दिली, पण त्या माणसाचं नावगाव कोणाला ठाऊक? मला तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती.

आता मी शाळेतल्या मोठ्या मुलींना सांगते, पेला आपल्या हातात, बाटली आपल्यासमोर उघडलेली. एकदा नजरेआड गेला तर ओतून द्या, मग देणाऱ्याने आधी घोट घेतलेला असला तरी. गरगरलं तर ओळखीच्या बाईचा हात धरा आणि तडक दवाखाना गाठा, घर नव्हे. मुली माना डोलावतात.

त्या प्रकारानंतरच्या उन्हाळ्यात एकदा धाकटी वाडीतून घामाघूम होऊन आली. मी माठातलं पाणी घेतलं आणि तिला बरं वाटावं म्हणून तिच्यासमोर आधी एक घोट प्यायले. मग पेला पुढे केला. तिने पेल्याकडे बघितलं. मग ती आत गेली, दुसरा पेला विसळला आणि स्वतःच्या हाताने पाणी घेतलं.