मंगळे नावाचा कामगार

गोटीराम आमच्या कारखान्यात तपासणीला होता. लेथवर आम्ही जे नग कापायचो, ते तो मायक्रोमीटरने मोजायचा आणि माप चुकलं की लाल खूण करून बाजूला टाकायचा. अशा माणसाला कारखान्यात मित्र कमीच असतात. त्यात तो बोलायचा थोडा आणि बघायचा फार. मनमाड स्टेशनवर हमाली करणाऱ्या बापाचा हा मुलगा मॅट्रिक झाला, आयटीआय करून नाशिकच्या सातपूरला लागला आणि बायकोला, कलाबाईला घेऊन जवळच्या बौद्ध वस्तीत दोन खोल्यांत राहू लागला. पाच वर्षं एका छपराखाली काम करून मला त्याची एवढीच माहिती होती.

आणीबाणीचं दुसरं वर्ष होतं. जूनमध्ये आमच्या युनियनच्या धोंडीरामला पोलिसांनी उचललं. त्याच्या आठ दिवस आधी जेवणाच्या सुट्टीत तो सरकारविरुद्ध चार वाक्यं बोलला होता. ऐकणारे आम्ही पंधरा-वीस जण, सगळे आतलेच. मग बाहेर बोललं कोण? त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये नुसता भांड्यांचा आवाज. शेजारी कोण बसलंय ते बघून माणसं डबा उघडायची.

आणि नेमक्या त्याच दिवसांत गोटीराम वहीत काहीतरी लिहायला लागला.

पुठ्ठ्याची, दोनशे पानी वही होती. कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा, आमच्याकडे बघायचा, चार ओळी लिहायचा, पुन्हा बघायचा. कोणी जवळ गेलं की वही मिटायचा. वर त्याचे ते प्रश्न! एकदा चंदरला म्हणाला, "चंदर, मशीनवर एकटा असलास की तू गुणगुणतोस. ते तुला कळतं का?"

चंदर माझ्याच चांदवड तालुक्यातला, तापट गडी. म्हणाला, "तुला काय करायचंय? मी काय गुणगुणतो ते बी वर कळवायचं हाय का?"

फारुखला त्याने विचारलं, "हात कापला तर तोंडातून पहिला शब्द कोणता निघतो?" फारुख माझ्या शेजारच्या लेथवर होता. त्याने उत्तर दिलं नाही, पण संध्याकाळी बसला उभे असताना मला म्हणाला, "सोमा, ये आदमी नोंदी ठेवतोय. आपल्या सगळ्यांच्या."

मलाही तेच वाटत होतं. मी त्याच्यावर नजर ठेवायला लागलो. तो शहरातल्या वाचनालयात कधी जातो, कुठली बस धरतो, कोणाशी बोलतो. दोनदा तर त्याच्या मागोमाग वस्तीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून संशय आणखी वाढला. साधा माणूस इतका साधा कसा असेल?

जुलैअखेर, तो तपासणीच्या टेबलावर असताना, मी आणि फारुखने त्याच्या पिशवीतून वही काढली. स्टोअरच्या मागे उभं राहून वाचली. पहिल्याच पानावर माझं नाव. "सोमा – कोणी हसलं की आधी आजूबाजूला बघतो, मग हसतो." खाली, "फारुख – खोटं बोलताना कान धरतो. चंदर – जेवताना पहिला घास बाजूला काढतो. का? विचारणे."

ही वही पोलिसांच्या हाती लागली असती तर?

आम्ही ती चंदरला दिली. जेवणाच्या सुट्टीत त्याने वही गोटीरामसमोर टेबलावर आपटली. "हे काय हाय?"

गोटीराम उभा राहिला. "गोष्ट आहे."

"कसली गोष्ट?"

"मंगळावरच्या माणसाची."

कोणी हसलंसुद्धा नाही. अमेरिकेचं यान मंगळावर उतरल्याच्या आणि तिथल्या दगडधोंड्यांच्या फोटोच्या बातम्या पेपरात येऊन आठवडा झाला होता, पण त्याचा आमच्याशी काय संबंध?

"मंगळावरचा माणूस सातपूरला कशाला येईल?" फारुखने विचारलं.

"नेहमी लंडन-अमेरिकेलाच का जाईल?" गोटीराम म्हणाला. "वाचनालयातल्या त्या सगळ्या गोष्टी मी वाचल्या. सगळीकडे तो लढायलाच येतो. हिरवा असतो, सोंडा असतात, आल्या आल्या माणसं जाळतो. मला ते पटत नाही. इतक्या लांबून येणारा आधी बघेल. माणूस होऊन बघेल. म्हणून मी तुम्हाला बघत होतो. त्याला काय काय शिकावं लागेल, ते लिहून ठेवत होतो."

"वाच मग," चंदर म्हणाला. "आत्ता, इथं. गोष्ट नसली तर बघ."

गोटीरामने पुढची पानं उलटली आणि वाचायला लागला. मंगळावरचा तो प्राणी माणसाचं रूप घेऊन सातपूरला येतो. लेथ चालवायला दोन दिवसांत शिकतो. भाकरी खायला, शिव्या द्यायला, जांभई द्यायला शिकतो. सगळं जमतं. पण एके दिवशी कॅन्टीनमध्ये शेजारचा कामगार त्याला विचारतो, "आडनाव काय?" हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. तो घाईत म्हणतो, "मंगळे." मग सगळा कारखाना महिनाभर एकाच विचारात पडतो, मंगळे म्हणजे नक्की कोणातले? कोणी त्याचं गाव विचारतो, कोणी मामाचं आडनाव. उत्तर मिळेपर्यंत त्याच्या डब्यात कोणी हात घालत नाही. तो आपल्या लोकांना निरोप पाठवतो : इथली माणसं मला ओळखू शकली नाहीत. पण मी कोण आहे हे कळल्याशिवाय ती माझ्याशेजारी बसायलाही तयार नाहीत.

गोष्ट तिथेच थांबली होती. पुढचं सुचलेलं नव्हतं.

गोटीरामच्या डब्यात आमच्यापैकी कोणी किती वेळा हात घातला होता, हे ज्याचं त्याला ठाऊक होतं. मी खाली बघत राहिलो.

तरीही चंदर म्हणाला, "गोष्ट असंल. पण नावं आमची हायेत. उद्या कोणाला सापडली तर? जाळा ती."

कोणी विरोध केला नाही. मीही नाही. गोटीराम म्हणाला, "मी जाळतो." सगळ्यांसमोर त्याने वही नग तापवून कडक करायच्या भट्टीत टाकली आणि टेबलावर जाऊन नग मोजायला लागला. त्यानंतर दोन-तीन जण म्हणत राहिले, की गोष्टीची पानं नुसती दाखवायला होती, खरी यादी दुसरीकडेच असणार. खोटं कशाला बोलू, त्या दोघा-तिघांत मी होतो.

सत्त्याहत्तरच्या मार्चनंतर धोंडीराम सुटून आला. वाळला होता, पण आवाज तोच. आम्ही त्याला विचारलं, "भाऊ, कोणी सांगितलं तुझं नाव?"

तो आमच्याकडे बघतच राहिला. "सांगायचं कोणी? युनियनच्या रजिस्टरात कमिटीची नावं होती. रजिस्टर नेलं, नावं वाचली, मला उचललं. माझ्या भाषणाचं तिथं कोणालाच माहीत नव्हतं."

त्याच रविवारी मी आणि फारुख गोटीरामच्या घरी गेलो. कलाबाईने दार उघडलं. आम्हाला पाहून तिने पदर सावरला आणि नवऱ्याला आत जाऊन सांगितलं, "तुमच्या कारखान्यातले आलेत," ते अशा आवाजात, की आम्ही चपला काढाव्यात की नाही हेच कळेना. मग आतूनच म्हणाली, "मला तर वाटायचं हे कुण्या बाईला पत्रं लिहितात. तुम्ही तरी बरे, तुम्हाला निदान वही वाचता आली; मला यांनी हातसुद्धा लावू दिला नाही."

मी गोटीरामला म्हणालो, "चूक झाली. तुझ्यावर संशय घेतला."

तो म्हणाला, "सोमा, मला वाटत होतं तो तू आहेस."

"कोण?"

"बाहेर सांगणारा. तू माझ्या मागे वस्तीपर्यंत यायचास. तेव्हा मी कलाला सांगून ठेवलं होतं, हा माणूस दारात आला तर मी घरात नाही म्हण."

फारुखला हसू फुटलं आणि मग कलाबाईलाही. मला मात्र हसायला जमलं नाही. कलाबाईने चहा आणला. गोटीराम आणि मी एकमेकांकडे न बघता तो प्यालो.

ती गोष्ट त्याने आठवून आठवून पुन्हा लिहिली. सहा वर्षं लागली. दोन मासिकांनी परत पाठवली. त्र्याऐंशी साली नाशिकच्याच एका दिवाळी अंकात आली. आमची नावं बदललेली होती. शेवट त्याने असा केला होता, की मंगळेचा निरोप ऐकून त्याचे लोक त्याला परत बोलावतात आणि तो जात नाही. का जात नाही, ते गोष्टीत लिहिलेलं नाही. फारुखने मला ते विचारलं, मी कारखान्याच्या दारात गोटीरामला विचारलं. तो म्हणाला, "मलाही नक्की सांगता येत नाही. पण तो गेला असता, तर मला ती गोष्ट लिहावीशी वाटली नसती."

मग शिफ्टची घंटा झाली आणि आम्ही दोघेही आत गेलो.