खिडकीखालची बडीशेप

फक्त फुलांसाठी कोणी बडीशेप लावतं का, असं सोसायटीतल्या जवळजवळ प्रत्येकानं मला विचारून झालं होतं. मी लावली होती. तळमजल्यावरच्या आमच्या खिडकीखाली, भिंतीलगत. तांबूस, केसांसारखी बारीक पानं आणि थंडी सरताना माझ्या डोक्याच्याही वर उघडणाऱ्या पिवळ्या छत्र्या. एकदा मूळ धरलं की हे झाड वर्षानुवर्षं टिकतं, पण नागपूरचा मे त्याला सोसत नाही. दोन उन्हाळे हिरवी जाळी बांधून, भाज्या धुतलेलं पाणी घालून मी ती मुळं जगवली. कोराडीच्या वीजकेंद्राकडून वारा सुटला की पानांवर राख बसायची, तीही धुवायचे.

तिसऱ्या वर्षी छत्र्या उघडायला लागल्या आणि मी मावसबहिणीच्या लग्नाला पारशिवनीला गेले. परतले तर खिडकीखाली नुसती उकरलेली माती. झाडं गेटजवळच्या कचऱ्यावर पडली होती, मुळांसकट. अख्ख्या ढिगाला बडीशेपेचा वास येत होता.

सोसायटीचे अध्यक्ष समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. मी त्यांचं दार वाजवलं.

"काका, माझी झाडं कोणी उपटली?"

"मीच सांगितलं. सफाई होती ना काल. गाजर गवत माजून राहिलं होतं तुमच्या खिडकीखाली. दमा होते त्यानं."

"गाजर गवत? ती सौंफ होती, काका! निदान वास तरी घ्यायचा. मला एक फोन करायचा."

"काहून एवढी तापून राहिली वं बाई? इतवारीत पोत्यानं भेटते सौंफ."

मी ढिगाकडे गेले, मावतील तेवढी झाडं कवेत घेतली आणि त्यांच्या दिवाणखान्यात नेऊन टीपॉयवर टाकली. चहाचे कप कलंडले, गालिच्यावर चिखल सांडला. काकू आतून आल्या. त्यांनी एक पान चुरगळून नाकाशी नेलं. "अहो, सौंफच आहे हो," त्या म्हणाल्या. काका टीव्हीकडे बघत राहिले.

घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे, दुसरी लावू." त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. दुसरी लावू म्हणजे काय? ते दोन उन्हाळे याने काढले होते?

आठवड्याने काकांनी माणसाकरवी क्रोटनच्या दोन कुंड्या पाठवल्या. माफीचा एक शब्द नाही. मी त्या उलट पावली परत पाठवल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहून सांगितलं, की यापुढे मला विचारल्याशिवाय माझ्या खिडकीखाली कोणी हात घातला, तर मी पोलिसांत जाईन. काही जण हसले. हसू देत.

आता तिथे मी पुन्हा बी पेरलं आहे, भोवती काटेरी तार लावून. तार भेसूर दिसते, असं काकांचं म्हणणं आहे. ते त्यांनी मला सांगितलेलं नाही, नवऱ्याला सांगितलं. दारात समोरासमोर आलो की ते "काय म्हणता?" असं विचारतात. मी उत्तर देत नाही.