बिनधुराची मोटार

नाना भेटले की नमस्कार-चमत्कार करत नसत. सरळ समोरच्याचा दंड धरायचे, घडातलं केळं पिकलं का ते बघावं तसा अंगठ्याने दाबायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, "चार्जिंग उतरली भो."

दंड कोणाचा हे ते बघत नसत. बॅटरी घ्यायला आलेला ट्रॅक्टरवाला असो, नाहीतर कोणाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा. एकदा दुकान तपासायला आलेल्या सरकारी साहेबाचा दंड त्यांनी असाच दाबला. साहेब आधी लाल झाला, मग ओशाळला, आणि पुढच्या सोमवारपासून आमच्या शेजारी जोर मारायला लागला. आता बोला!

नानांचं जळगावात बॅटऱ्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे पत्र्याची शेड, शेडच्या मागे त्यांचं घर. त्या शेडमध्ये त्यांनी जिम काढली होती. ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. बाकी गावात तेव्हा तालमी आणि व्यायामशाळा होत्या, जिम हा शब्द नवा होता, पण नानांना नव्याचा भारी सोस. पाटीवर मोठ्या अक्षरात 'जिम' आणि त्याखाली 'बॅटरी चार्ज करून मिळेल'. त्यांच्या मते हे दोन धंदे नव्हतेच, एकच होता.

मी मूळचा धुळ्याचा, नोकरीसाठी जळगावला खोली घेऊन राहिलेला. घरी माझ्या लग्नाचं चाललं होतं आणि एका स्थळाकडून निरोप आला, "मुलगा जरा नाजूक वाटतो." नाजूक! पोरीबद्दल म्हणतात तसं! असं झोंबलं म्हणता, दुसऱ्या दिवशी पहाटे नानांच्या शेडसमोर उभा.

त्यांनी दंड दाबला. पुन्हा दाबला. नेहमीचं वाक्यसुद्धा त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, "ह्याच्यात सेलच नाही भो."

तिथली वजनं दुकानातून आणलेली नव्हती. मेलेल्या बॅटऱ्यांमधलं शिसं वितळवून नाना ते तुपाच्या रिकाम्या डब्यात ओतत, मध्ये लोखंडी नळी उभी करत, की झालं डंबेल. दोन डंबेल एका वजनाचे निघतील तर शपथ. माझा उजवा दंड आजही डाव्यापेक्षा जाड आहे, तो त्यामुळे. भिंतीला मारुतीचा फोटो, त्याच्या शेजारी कुठल्याशा सलूनमधून आणलेला आरसा. टॉनिकचं नाव कोणी काढलं की नाना खवळायचे. "जळगावात राहतो आणि डबा विकत घेतो? केळी खा ना भो!" त्यांच्या स्वतःच्या विजारीला ॲसिडने बारीक बारीक भोकं पडलेली असत. ती विजार घालून ते लग्नालासुद्धा जायचे.

हल्ली माझ्या मुलाच्या डोक्यात बॅटरीवरची गाडी घ्यायचं आहे. परवा त्याच्याबरोबर दुकानात गेलो, तिथल्या लोकांनी आम्हाला गाडीत बसवून एक चक्कर मारून आणलं. तिथला पोरगा कौतुकाने म्हणाला, "काका, आवाज बघा, येतच नाही. धूर नाही, काही नाही. तुम्ही पहिल्यांदाच बसलात ना?" मी हो म्हटलं. त्याला कुठे सांगत बसू? पण तुम्हाला सांगतो.

नानांना एक थोरली बहीण होती, अक्का. नाना रांगत होते तेव्हा त्यांची आई गेली. अक्कानेच त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. ती असोद्याला दिली, म्हणजे जळगावपासून हाकेच्या अंतरावर. तरी तिची गाडी निघाली तेव्हा हे पोर वेशीपर्यंत रडत मागे धावलं होतं, असं जुनी माणसं सांगत.

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीचे लोक त्या दिवशी सोनं घेत असतील, आम्ही खान्देशातले लोक लेक माहेरी आणतो. तिला घ्यायला भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. नाना, समज आल्यापासून, दर अखाजीला अक्काचे मुऱ्हाळी होऊन बैलगाडीने असोद्याला जात. पण पुढे अक्का पडली, कंबर धरली, बैलगाडीचे हिसके तिला सोसेनात. मोटारीत बसवावं तर तिला दमा. धूर नाकात गेला की संपलंच. एकदा एसटीने आणलं तर माहेर राहिलं बाजूला, माणूस थेट दवाखान्यात. तेव्हापासून अक्काने माहेरचं नाव टाकलं. "आता काही माह्या नशिबात तो उंबरा नी," म्हणायची.

नाना तिला भेटायला महिन्यातून चारदा जात. पण भावाने बहिणीकडे जाणं निराळं आणि बहिणीने माहेरी येणं निराळं. अखाजीच्या दिवशी घराघरांतून माहेरवाशिणींची गाणी सुरू झाली की नाना दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसायचे. त्या दिवशी कोणाचा दंड दाबायचे नाहीत.

एका वर्षी दिवाळीनंतर ते शेडमध्ये आले आणि म्हणाले, "धूर इंजिनाचा असतो. इंजिनच काढून टाकलं तर?"

आम्हाला वाटलं, थट्टा करताहेत. आठवड्यात एक इंजिन नसलेली जुनी मोटार बैल लावून ओढत आणली की हो! शेडच्या निम्म्या जागेत मोटार, निम्म्या जागेत आम्ही. पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम रफीकभाईकडे. तोही आमच्यातलाच, छाती अशी की शर्टाचं वरचं बटण कधी लागलं नाही. गाडी ओढायला विजेची दणकट मोटर हवी होती, ती मी धुळ्यात शोधली. गिरणीत माल वाहायची बॅटरीवरची एक गाडी भंगारात निघाली होती, तिची. मी आणि रफीकभाईने ती एसटीच्या टपावर चढवली तेव्हा खाली माझी आई उभी होती. लेकाला एवढं वजन उचलताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. घाबरून आमच्या अहिराणीत विचारत होती, "बठ्ठं ठीक शे ना रे तुनं?" म्हणजे, सगळं ठीक आहे ना तुझं?

पुढे दोन, मागे दोन अशा ट्रकच्या बॅटऱ्या बसल्या. होळीच्या सुमारास गाडी पहिल्यांदा हलली. रफीकभाई म्हणाला, "नाना, चलती तो है. रुकेगी कैसे?" प्रश्न बरोबर होता. त्या दिवशी ती समोरच्या रसवंतीच्या बाकड्याला जाऊन थांबली.

ब्रेक सुधारले, तर नवंच लचांड. गाडीला आवाज नाही. बाजारात माणसं सरकेनात, गाय हलेना, कुत्रं उठेना. हॉर्न वाजवला तर लोक मागे वळून म्हणत, "बंद गाडी कशाला ढकलता?" मग नानांनी मला पुढे पळायला लावलं. मी भर बाजारातून "सरका भो, सरका!" ओरडत पळतोय आणि माझ्या मागून निःशब्द मोटार येतेय. पुढे माझ्या सासऱ्यांनी सांगितलं, त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते असंच. तरी पोरगी दिली. मोठ्या मनाचा माणूस.

अखाजीच्या सकाळी नाना पांढरंधोट धोतर आणि टोपी घालून निघाले. विजार नाही! आम्ही पाच-सहा जण सायकलींवर मागे. गाडी डुलत डुलत असोद्याला पोचली. अक्का ओट्यावर येऊन बसलेली, वाळलेली, पण डोळे भावासारखेच मिस्कील. नाना तिथे पोचले की त्यांची बोलीच पालटायची.

"चाल वं अक्का. मी तुले घ्याले आलो."

अक्काने गाडीजवळ येऊन आधी नाक पुढे केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. "नी येत वास," ती म्हणाली आणि नानांच्या चेहऱ्यावर असं ऊन पडलं म्हणता! मग तिने विचारलं, "आवाजबी नी? मंग लोकं सरकतीन कशे?" आत गेली आणि विकलेल्या बैलांची घुंगरमाळ घेऊन आली. रफीकभाईने ती गाडीच्या नाकाडाला तारेने बांधली.

इथेच निघायला हवं होतं. पण अखाजी ना! गल्लीत घरोघरी लेकी माहेरी आलेल्या. एक म्हणाली, "नाना, आमालेबी एक चक्कर!" अखाजीला माहेरवाशिणीला नाही म्हणायचं कसं? नानांनी तिला मारुतीच्या देवळापर्यंत फिरवून आणलं. मग तिच्या जावेला. मग समोरच्या घरातल्या चौघींना. मग म्हाताऱ्याकोताऱ्या, पंचवीस वर्षांपूर्वी सासरहून कायमची परतलेली एक होती तीसुद्धा. घुंगरं वाजताहेत, बायका खिदळताहेत, नाना घामाने निथळताहेत. मी म्हटलं, "नाना, चार्जिंग?" जन्मभर दुसऱ्याची चार्जिंग बघणारा माणूस मला म्हणतो, "अरे, सणाच्या दिवशी मोजायचं नसतं भो!"

मग काय व्हायचं? मागच्या सीटवर अक्का, तिची बोचकी, कुरडयांचा डबा असं सगळं घेऊन गाडी निघाली आणि गाव मागे पडताच दमून उभी राहिली. वैशाखाचं जळगावचं ऊन. दोन्हीकडे केळीच्या बागा, सावली कुठे नाही. मागून एक मेटॅडोर आला. ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, "दोर बांधतो, ओढत नेतो." पण त्याच्या गाडीचा धूर आला आणि अक्काला खोकला लागला. नाना हात जोडून ओरडले, "तू जा भो! लवकर जा!" मेटॅडोर गेला. खोकला थांबायला वेळ लागला. तेवढा वेळ नाना खाली मातीत उकिडवे बसून अक्काचा पाय धरून होते. तोंड पांढरं पडलेलं. मला म्हणाले, "काय करून बसलो भो मी. परत नेऊ तिला?"

ते अक्काने ऐकलं. श्वास गोळा करून म्हणाली, "अर्ध्या वाटेतून मी परत नी जात. ढकला."

ढकलायचं तर चाक कोणी धरायचं? नाना माझ्याकडे वळले. "तू बस आत. तू बारीक आहेस." इतकी वर्षं शिसं उचलून ही किंमत! मी काही बोलणार तोच अक्का मागून उतरून पुढच्या सीटवर चाकापाशी आली. "सरक रे. म्या बैलं हाकेल आहेत, हे काय मोठं."

आणि आम्ही लागलो की ढकलायला. रफीकभाई, मी, बाकीचे, आणि मधोमध नाना, धोतराचा काचा मारून. शिशाच्या बॅटऱ्यांचं ते धूड जागचं हलताना जीव जायचा, पण एकदा हललं की घुंगरं वाजायला लागायची. पुढून अक्का ओरडायची, "चाला रे बैलांनो!" खोकला नाही, दम नाही, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसतेय. असे आम्ही जळगावात शिरलो. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन बघत होते. त्या दिवशी कोणाला सरका म्हणावं लागलं नाही.

काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, दारात अक्काच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. अक्काने उंबऱ्यावर हात टेकला आणि तशीच वाकून राहिली. आम्ही सगळे घामाने भिजलेले पैलवान तिकडे न बघता उगाच गाडी बघत होतो.

दोन-तीन दिवसांनी तिला पोचवायची होती. पण बॅटऱ्या काही चार्ज होईनात! नाना रोज ग्रॅव्हिटी, म्हणजे चार्जिंग किती झाली ते, बघायची काचेची नळी बॅटरीत बुडवायचे आणि मान हलवायचे. "आज नाही अक्का. उद्या बघू." एकदा मी वाकून नळीत बघितलं, तर बॅटरी काठोकाठ भरलेली. नानांनी माझा दंड असा दाबला की चार दिवस निळा होता. अक्काने मला बोलावून विचारलं, "खरंच नी भरत का रे ती?" मी म्हटलं, "नाही भरत अक्का." ती हसली. "लबाड आहे. ल्हानपणी मी सासरी निघाली का हा माह्या चपला लपवे."

पावसाळा तोंडावर आला तेव्हा कुठे बॅटऱ्या भरल्या. नाना तिला सोडून आले आणि लगेच पुढच्या अखाजीच्या तयारीला लागले. मागची सीट मऊ करायची, एक बॅटरी जादा ठेवायची, बायकांना चकरा अक्का घरी पोचल्यावर, असं सगळं ठरवत होते.

त्या थंडीत अक्का गेली.

दहाव्याला आम्ही सगळे असोद्याला गेलो होतो. विधी आटोपून मी सायकलने परत निघालो. वाटेत केळीच्या बागेशी नानांची गाडी उभी दिसली. पुढच्या सीटवर कोणी नाही. नाना मागे बसले होते, अक्काच्या जागेवर.

"बंद पडली का नाना? ढकलू?"

"नाही भो. गाडीला काही झालं नाही."

मी सायकल उभी करून आत जाऊन बसलो. मला वाटलं, बहीण गेली म्हणून आता घरी अखाजीला कोणी येणार नाही, ह्याचं त्यांना वाटत असेल. तेच सांत्वनाचं काहीतरी पुटपुटलो.

"तसं नाही रे," नाना म्हणाले. एवढा दांडगा माणूस, आवाज पार लहान मुलाचा झाला होता. "तिचं माहेर आहे ना अजून. घर आहे, उंबरा आहे. माझं माहेर गेलं भो."