पाणी न मारायची माळ

दसरा झाला की दिवाळीपर्यंत आमच्या आईचा धंदा जरा निवांत असतो. झेंडूचा मोठा तोडा दसऱ्याला जातो, दुसरा लक्ष्मीपूजनाला. मधल्या दिवसांत ती फूलबाजारात बसून माशा मारते आणि शेजारच्या बायकांशी भांडते. तेवढे दिवस हेरून मी तिला म्हटलं, "चल, नेपाळला जाऊ."

"इमानानं?"

"रेल्वेनं. स्लीपरनं. पुढं बसनं."

"मग चल," ती म्हणाली. विमान म्हटलं असतं तर तिचे गुडघे तिथल्या तिथं दुखायला लागले असते.

नाशिकरोडहून गोरखपूर, तिथून सोनौली. सीमा म्हणजे एक कमान. माणसं पिशव्या घेऊन बाजाराला निघाल्यासारखी इकडून तिकडं चालली होती. आईनं मतदान कार्ड घरापासून रुमालात बांधून आणलं होतं. ते कुणी नीट बघितलंसुद्धा नाही, याचा तिला राग आला. पलीकडं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं. "पंधरा मिनटांसाठी कोण घड्याळाला हात लावील?" म्हणून ती सबंध नेपाळ नाशिकच्या वेळेवर फिरली, आणि मी जेवायला हाक मारली की "आत्ताशी कुठं?" म्हणत राहिली.

जेवणाची मात्र चंगळ. काठमांडूत आम्ही एका धर्मशाळेत उतरलो होतो, समोरच्या खाणावळीत डाळभात मागाल तितका वाढत. तिसऱ्यांदा भात आला तेव्हा आई माझ्या कानाशी लागली, "यांना परवडतं कसं?" आणि चौथ्यांदा ताट पुढं केलं. पिशवीत ठेच्याची बरणी होती. तिनं खाणावळवालीलाही चमचाभर दिला. बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसऱ्या दिवशी तिनं बरणीकडं बोट दाखवलंच. मोमोला आई शेवटपर्यंत "तिखट मोदक" म्हणत होती.

मी मजेत होते, पण एक गोष्ट सांगायला हवी. आईला एकच भाऊ, कळवणला. माझ्या लग्नात मला मांडवात न्यायचा मान त्याचा. त्याची गाडी वणीच्या अलीकडं बंद पडली, मुहूर्त निघून चालला, आणि आईनं चुलतमामाला उभं केलं. मामा अर्ध्या तासानं पोचला, बघितलं, आणि न जेवता परत गेला. "तू थांबली नाहीस," एवढंच म्हणाला. आईचं म्हणणं, मुहूर्त कुणासाठी थांबतो का? या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून भाऊबीजेला आई गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते आणि खाली येऊन उगाच भांडी आदळते. लग्न माझं होतं, त्यामुळं दर भाऊबीजेला मला चोरट्यासारखं वाटतं. आईपुढं मामाचा विषय काढायची सोय नव्हती.

चौथ्या दिवशी आम्ही भक्तपूरला गेलो. लाकडी खिडक्यांवरची कोरीव जाळी बघून मान दुखायला लागली, तेव्हा मी मातीच्या वाडग्यातलं तिथलं गोड दही घेऊन एका पायरीवर बसले. आईला दह्यात रस नव्हता. समोर एक बाई जांभळ्या फुलांच्या माळा ओवत बसली होती, आणि आईचं लक्ष तिच्या मालावर.

"फुलं पार वाळलीत बघ," आई म्हणाली. "गिऱ्हाइकाला दाखवायची लाज कशी वाटत नाय?"

मी दह्याचा पुढचा चमचा तोंडात घालेपर्यंत आई तिथं पोचलीसुद्धा. पिशवीतली बाटली काढली, ओंजळीत पाणी घेतलं आणि दुसऱ्याच्या दुकानावर, परक्या देशात, सपासप शिंपडलं. तीस वर्षांची सवय. सुकलेलं फूल दिसलं की तिचा हात थांबतच नाही.

बाई किंचाळलीच. "पानी नहीं, दिदी, पानी नहीं!" तिनं आईचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं शाल ओढून माळा पुसायला लागली. मी वाडगं टाकून धावले. आईचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. फुलांच्या बाबतीत तिला कुणी चूक म्हणालं नव्हतं, आजवर कुणाची टाप नव्हती.

मोडक्यातोडक्या हिंदीत उलगडा झाला. या फुलांचं नावच मखमली. पाणी लागलं की कुजतात, कोरडी ठेवली की वर्षभर रंग सोडत नाहीत. त्यांच्याकडंही दिवाळीत भाऊबीज असते, त्या दिवशी बहीण ही माळ भावाच्या गळ्यात घालते. फूल सुकत नाही, तसं भावाचं आयुष्य.

आईनं बाटली पिशवीत टाकली. मग तिथंच मांडी घातली, सुई मागून घेतली आणि भरपाई म्हणून माळा ओवायला लागली. तिचा वेग बघून बाई हसायला लागली. ओवता ओवता तिनं विचारलं, "दिदी, भाई कितने?"

"एक हाय," आई म्हणाली. मान वर न करता.

अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं मी ते. मला इतका आनंद झाला, की सांडलेलं दही विसरून मी दुसरं वाडगं घेतलं.

निघताना बाईनं एक माळ वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. परतीच्या प्रवासात आईनं ती मांडीवरून खाली ठेवली नाही. दिवाळीचा धंदा तिनं नेहमीसारखाच केला, विषय काढला नाही, मीही विचारलं नाही. भाऊबीजेला सकाळी मात्र ती ओवाळणीचं ताट पिशवीत घालून दारात उभी. "कळवणची एस्टी किती वाजता हे?"

मामा ओट्यावर बसला होता. आम्हाला बघून उठला, पण पुढं आला नाही. मामीनं घाईघाईनं पाट मांडला. आईनं कुंकू लावलं, ओवाळलं, आणि कागद सोडून माळ त्याच्या गळ्यात घातली. मामानं ती बोटांनी चाचपून बघितली. तोही फुलांच्याच घरातला.

"सुकली गं," तो म्हणाला आणि सवयीनं शेजारच्या तांब्यात हात बुडवला.

आईनं त्याचं मनगट पकडलं. "पाणी नको. कोरडीच राहू दे, वर्षभर टिकती."

मनगट सोडवून घ्यायची मामाला घाई दिसली नाही.

"अन् वर्षानं?"

"वर्षानं नवी आणीन," आई म्हणाली.