कबरस्थानातलं गवत

मिस्टर गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी कबरस्थानात गेले आणि मला त्यांची कबर सापडेना. सोनईच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाच्या ओढ्याला लागून हे कबरस्थान. काळी जमीन, पाऊस बरा झालेला, गवत माझ्या कमरेला लागत होतं. मिस्टर होते तोवर पाऊस सरला की तेच चर्चमधल्या चार-सहा जणांना गोळा करून विळ्यांनी सगळं साफ करून घ्यायचे. त्यातले काही आता तिथंच, गवताखाली होते. उरलेल्यांचे गुडघे गेले होते आणि त्यांची मुलं पुण्याला. मी गवत हातांनी बाजूला सारत फिरत राहिले. शेवटी माझ्या जावेनं लावलेली सदाफुली दिसली, तिच्यावरून कबर ओळखली.

घरी आले तर जेवण जाईना. जन्म शाळेत शिकवण्यात गेला, रिकामं बसायची सवय नाही. त्यात घरात एकटी. घासलेली भांडी पुन्हा घासायची, पुसलेलं कपाट पुन्हा पुसायचं, असं चाललं होतं. जाऊ शेजारच्याच घरात राहते. ती म्हणाली, "ताई, माणसं लावू. होईल."

पण माणसं मिळेनात. सगळे सोयाबीन काढायला गेलेले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा दिवस असतो. फादर येतात, प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडतात, पुण्या-मुंबईहून घरोघरची माणसं येतात. तोवर असंच राहिलं तर? मी उठले, नगरची एसटी धरली आणि गवत कापायचं मशीन घेऊन आले. पेट्रोलवर चालणारं, चार चाकांचं, ढकलायचं.

दुकानदाराला मी स्पष्ट विचारलं होतं, "बंगल्यापुढचं मऊ गवत नाही हं. कबरस्थान आहे. जमेल?"

"मॅडम, लॉन असो की रान, हे सगळं कापतं. आणि वॉरंटी आहे ना, काळजी कशाला करता?"

पहिले काही दिवस खरंच छान गेले. आधी विळ्यानं वरचं गवत छाटायचं आणि मग मशीन फिरवायचं, असं मी बसवलं. कापलेल्या गवताचा वास यायचा, हात थरथरत राहायचे, रात्री झोप लागायची. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. फाटकापासून पहिली ओळ मोकळी झाली. मिस्टरांची कबर अगदी आतल्या कोपऱ्यात, तिथवर पोचायला अजून बरंच बाकी होतं.

मग एका सकाळी चालू करायची दोरी ओढली ती हातातच आली. मशीन टेम्पोत घालून नगरच्या सर्व्हिस सेंटरला नेलं. तिथला मॅनेजर पोरसवदा, बोलायला नम्र. म्हणाला, "दोरी वॉरंटीत येत नाही मॅडम. झिजणारा पार्ट आहे." दोरी बदलून आणली. थोडे दिवस चाललं, मग खोकायला लागलं. धूर काढायचं आणि बंद पडायचं. पुन्हा नगर. "पेट्रोलमध्ये पाणी होतं. ही वापरणाऱ्याची चूक धरतात." मी म्हटलं, "पेट्रोल पंपावरून आणलं, विहिरीतून नाही." तो हसला, पण कागदावर त्यानं तेच लिहिलं.

प्रत्येक खेपेला दिवस जायचा. घोडेगावच्या कांदा मार्केटला जाणाऱ्या टेम्पोवाल्याला विनवायचं, पुढं नगरपर्यंत जाशील का म्हणून. कांद्याच्या गोण्यांवर मशीन आडवं टाकायचं आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी. खिडकीतून मला दुसरं काही दिसायचंच नाही. रस्त्याच्या कडेचं गवत बघत बसायचे आणि मनात यायचं, तिकडंही एवढंच वाढलं असेल.

तिसऱ्यांदा मोठाच घोटाळा झाला. मी मधल्या ओळीत होते. गवतात एका जुन्या कबरीची दगडी कड होती, मातीत बुडालेली, दिसलीच नाही. खाडकन आवाज झाला, मशीन उडी मारल्यासारखं हललं आणि थांबलं. पातं वाकलं होतं, पात्याचा दांडाही. मी तिथंच मातीत बसले. दगडावरचा ढलपा निघाला होता. कुणाची कबर ते कळत नव्हतं, अक्षरं कधीच गेली होती. मी त्या दगडावरून हात फिरवला आणि का कोण जाणे, माफी मागितली.

मशीन पुन्हा नगरला नेलं. या वेळी मॅनेजर म्हणाला, "मशीन इथंच राहू द्या. जागेचे फोटो पाठवा, मी कंपनीला वर पाठवतो. बघू." मी फोटो काढून पाठवले. त्यानंतर मोबाईल हातातून सुटेना. दूध उतू गेलं, भाजी करपली. शेवटी राहवेना म्हणून स्वतःच गेले.

"रिजेक्ट झालं मॅडम," तो म्हणाला. "दगड लागला त्याचं एक कारण. आणि दुसरं, फोटोत मागे क्रॉस दिसतात. ही वॉरंटी फक्त घरगुती वापराला आहे. त्यांचं म्हणणं, हा घरगुती वापर नाही."

"मी घेताना सांगितलं होतं कुठं वापरणार ते."

"दुकानदार तसं म्हणाला असेल. पण कंपनी ते धरत नाही."

"माझ्या घरातलं माणूस आहे तिथं," मी म्हटलं. "मग घरगुती कशाला म्हणायचं?"

त्यानं खाली बघितलं. "माझ्या हातात असतं तर केलं असतं."

खरं बोलत होता तो, आणि त्याचाच मला जास्त राग आला. भांडायला समोर कुणी नव्हतंच. मी मशीन त्याच्या काउंटरसमोर तसंच ठेवलं आणि बाहेर पडले. दोन-तीनदा त्याचा फोन आला, "मॅडम, घेऊन जा ना, जागा अडते." मी नुसतं ऐकून फोन ठेवायचे.

मृतांचा दिवस जवळ येत होता. ओढ्याकाठी रोज शेळ्या चारायला येणारी एक बाई होती. मी फाटक उघडून तिला हाक मारली. तिनं आत डोकावलं. "बाई, चारा तर लई हाय. पन तुमची मानसं काय म्हनतील?"

फादरना फोन केला. किती शेळ्या, ते त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले, "कबरींवरची फुलं खाल्ली तर लोक मला धरतील. तेवढं सांभाळा."

शेळ्या आत सोडत होते तेवढ्यात जाऊ आली. तिला मात्र ते सहन झालं नाही. "आपल्या माणसांच्या अंगावरून जनावरं चालवणार तुम्ही? दादा असते तर त्यांनी विळा घेतला असता."

"दादा नाहीत आता," मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की शेळ्यासुद्धा बिचकल्या. ती तशीच घरी निघून गेली.

शेळ्यांनी गवत भराभर खाल्लं. कुठं उंच, कुठं बुडापर्यंत, पोरानं स्वतःच कापलेल्या केसांसारखं. गाजरगवताला मात्र तोंड लावलं नाही. ते मी हातानं उपटायला लागले. मनगटापासून कोपरापर्यंत खाज सुटली, पुरळ उठलं, तरी थांबवेना. दुसऱ्या दिवशी उपटता उपटता मागं बघितलं, तर जाऊ दुसऱ्या टोकाकडून विळा घेऊन येत होती. हाताला जुने मोजे चढवलेले. तिनं तिकडून कापायला सुरुवात केली. दुपारी भाकरी सोडली तेव्हा मोज्यांची दुसरी जोडी माझ्यापुढं टाकली. "घाला. हात बघा काय केलेत."

मशीन मी नंतर जाऊन घेऊन आले. मॅनेजरनं ते धुऊन ठेवलं होतं. पुढं ते भंगारवाल्याला दिलं.

मृतांच्या दिवशी माणसं आली. कुणीतरी लेंड्यांवरून कुरकुरलं, कुणी म्हणालं बरं झालं, चालायला तरी आलं. फादर पाणी शिंपडत आमच्या कोपऱ्यात पोचले. प्रार्थना सुरू झाली आणि मला कबरीच्या उशाशी गाजरगवताचं एक रोपटं दिसलं, राहून गेलेलं. माझी नजर तिथून हलेना. मी वाकणार, तेवढ्यात जावेनं माझं मनगट धरलं.

"ताई, राहू द्या आता. उभ्या राहा जरा."

मी उभी राहिले. तिनं आमेन म्हणेपर्यंत हात सोडला नाही.