उषाताईंच्या नावाचा पत्ता

भोपाळच्या अशोका गार्डनमधल्या उषाताई सरवट्यांनी बावीस वर्षं नऊवारी शिवल्या, पण दुसऱ्याच्या नावाने! अरेरा कॉलोनीतल्या एका बुटिकचं लेबल त्यांच्या टाक्यांवर मिरवायचं. म्हणून पन्नाशीत स्वतःची वेबसाइट काढायची ठरली, तेव्हा बाईंनी एकच हट्ट धरला. पत्त्यात माझं नाव हवं!

मुलगा मयूर ऐकेल तर शपथ. "आई, तुझं नाव कोण सर्च करणार? लोक जे शोधतात तेच शब्द पत्त्यात घालू, गूगल सीधा वर नेईल!" आणि पठ्ठ्याने पत्ता घेतला, 'बेस्ट-रेडी-नऊवारी-साडी-शिलाई-भोपाळ'. अहो, पत्ता की मालगाडी! हळदीकुंकवाला उषाताई तो सांगू लागल्या, की अर्ध्यावरच बायका तिळगुळाकडे वळायच्या.

दोन महिने गेले तरी साइट सातव्या पानावर. फोन यायचे तेही साडीला फॉल लावून द्या म्हणणारे. उषाताईंचा पारा चढला. "नुसत्या शब्दांनी काय डोंबल होतंय! मी काय करते ते तरी लिही."

शेवटी स्वतःच लिहायला बसल्या. शिवलेली नऊवारी उभ्याने झकास दिसते, पण नवरीला तासन्‌तास पाटावर बसायचं असतं. म्हणून त्या प्रत्येकीला आधी पाटावर मांडी घालून बसवतात, वाकायला लावतात, मगच काष्ट्याची शेवटची शिलाई घालतात. त्यांनी फोटो टाकले, मापं दिली, आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. नेहरू नगरच्या शमिकाने लग्नानंतर तिथेच लिहिलं, "चार तास होमापुढे बसले, उषाताईंची साडी कुठे म्हणून काचली नाही." ते वाचून ग्वाल्हेर, उज्जैनच्या मुलीही येऊ लागल्या.

आणि परवा सकाळी मयूर लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात धावत आला. "आई, देख तो! पहिल्या पानावर! सगळ्यात वर!"

"म्हणजे जिंकलास तू," उषाताई म्हणाल्या. आनंद तर झालाच, पण आत कुठेतरी खट्टू वाटलं.

"छे गं! लोक काय टाइप करून आपल्याकडे येतात, त्याची यादी बघ." त्याने पडदा त्यांच्याकडे फिरवला. पहिल्याच ओळीत होतं, 'उषाताई नऊवारी भोपाळ'. या महिन्यात एकशे बारा वेळा.

 कणकेचे हात तसेच ठेवून उषाताई पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या.

"मोठ्याने वाच," त्या म्हणाल्या.

त्याने वाचलं.

"अजून एकदा."