मांडीवर घेण्याआधी

ईशान आणि मही, परवा तुमच्याकडे पॉमेरियनचं पिल्लू येणार, म्हणून आजच लिहिते आहे.

काल शेजारच्या शैलाताईंकडे तसंच एक पिल्लू आलं. बारशाला जमावेत तसे सगळे जमले. कुणी त्याच्या पांढऱ्या कपाळावर काजळाची तीट लावली, आणि मग ते या मांडीवरून त्या मांडीवर फिरू लागलं. ते थरथरत होतं.

"अगं बाई, थंडी वाजतेय त्याला, शाल आणा!" शैलाताई म्हणाल्या.

पण ती थरथर भीतीची होती. एवढ्याशा जिवाला माणूस झाडाएवढा दिसत असेल, आणि प्रत्येक हात वरूनच येत असेल.

"खाली ठेवा त्याला," तुमचे आजोबा म्हणाले, आणि दुखरे गुडघे सांभाळत स्वतःच फरशीवर बसले. हात पुढे केला नाही. खाली ठेवताच पिल्लू टेबलाखाली शिरलं, बराच वेळ तिथेच राहिलं, मग हळूच येऊन त्यांच्या पायाचा अंगठा हुंगू लागलं.

"काय रे, एवढ्या मऊ मांड्या सोडून माझा अंगठा?"

तुम्हीही असंच बसा. प्रेमाची घाई आपल्यालाच असते. त्याला आधी घर हुंगायचं असतं.

तुम्ही न पाहिलेली आमची कुत्री चिमी जाऊन बरीच वर्षं झाली. तीही आली तेव्हा अशीच घाबरायची; लहानांसाठी खाली बसायला तिनंच आजोबांना शिकवलं, आणि ते अजून बसतात.